जुन्या गाडीची गंजलेली पेट्रोल लाइन: काम घरचे, जागा मात्र उघड्यावरची

मुंबईत जुनी गाडी सांभाळणाऱ्याला गंजाचे अप्रूप नसते. दाराच्या खालच्या कडेचा किंवा चाकाच्या कमानीवरचा गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून तो घासला जातो आणि रंगवलाही जातो. टाकीपासून इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारा, करंगळीपेक्षाही बारीक असा पोलादी पाइप मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. समुद्रावरून येणारी खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि सखल रस्त्यांवर साचणारे पाणी या तिन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला येतात. पाइप जिथे क्लिपने गाडीच्या तळाला धरलेला असतो तिथे चिखल अडकतो, त्यात ओल टिकते, आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्यातच गाडी महिनोन्‌महिने कव्हराखाली उभी असेल, तर टाकीत साठणारे पाणी पाइपाला आतूनही खाते.

हा लेख मुख्यतः कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) पेट्रोल गाड्यांसाठी, म्हणजे पद्मिनी, अॅम्बॅसेडर, सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० अशा गाड्यांसाठी आहे. हाताने पाहिले तर हे काम अवघड नाही. पाइप कापणे, वाकवणे आणि नट आवळणे एवढेच त्यात आहे. खरी जोखीम पेट्रोलच्या वाफेची असते, आणि म्हणून पाना हातात घेण्यापूर्वीची तयारी हाच या कामाचा मोठा भाग आहे.

गळती कुठे आहे, आणि ती दिसत का नाही

कार्ब्युरेटरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनावर बसवलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. याचा अर्थ असा की, गाडीखालचा सगळा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. त्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले, तर इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागणे, मलबार हिलसारख्या चढावर किंवा उड्डाणपुलावर गाडीने अचानक दम सोडणे, पारदर्शक इंधन फिल्टरमध्ये एकसारखे बुडबुडे दिसणे, ही त्याची लक्षणे होत. या लक्षणांवर अनेकदा कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात आणि गंजलेला पाइप तसाच राहतो. तीच गाडी उताराला तोंड करून उभी केली, की टाकीतले पेट्रोल आपल्या वजनाने पाइपात उतरते आणि मग जमिनीवर ओला डाग दिसतो.

इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत नेमके उलटे असते. तिथे पंप टाकीतच असतो आणि पाइपात साधारण अडीच ते साडेतीन बार दाब असतो; कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. इंजेक्शनच्या लाइनला भोक पडले, तर पेट्रोलचा बारीक फवारा उडतो आणि तो थेट तापलेल्या सायलेन्सरवरही जाऊ शकतो. अशी गाडी त्या अवस्थेत चालवूच नये. तिच्या पाइपाचे काम घरी करावे असा सल्ला मी देणार नाही, कारण तिथले सांधे वेगळ्या प्रकारचे असतात आणि रबरी तुकडा जोडून वेळ मारून नेण्याची सोय तिथे नसते.

तपासणीसाठी इंजिन थंड असताना गाडीखाली एलईडी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहावे. आरसा अशासाठी, की पाइपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे तळाच्या पत्र्याकडील बाजूला चिखल साचतो आणि खालून गुळगुळीत दिसणारा पाइप वरून खवले सुटलेला असू शकतो. मागच्या अॅक्सलच्या वरचा भाग, टाकीजवळचे वळण आणि प्रत्येक क्लिप आवर्जून पाहावी. पाइपात पेट्रोल असेपर्यंत स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहण्याचा मोह टाळावा.

गाडीखाली शेजारी शेजारी जाणारे पाइप कोणते, हे आधीच ओळखून ठेवावे. इंधनाचा मुख्य पाइप बहुधा ८ मिलिमीटर जाडीचा असतो, परतीचा पाइप असल्यास तो ६ मिलिमीटरच्या आसपास, तर ब्रेकचा पाइप सर्वांत बारीक, पावणेपाच मिलिमीटरचा असतो. इंधनाचा पाइप गंजला असेल तर त्याच्या शेजारचा ब्रेकचा पाइपही त्याच पाण्यात भिजलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. तो खराब दिसला तर मात्र ब्रेकच्या कारागिराकडेच जावे. मुंबईतल्या अनेक जुन्या गाड्यांना सीएनजी किट बसवलेले असते. त्याचा पाइपही याच वाटेने जातो आणि त्यात सुमारे २०० बार दाब असतो. काम सुरू करण्यापूर्वी सीएनजी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि त्या पाइपाला किंवा त्याच्या क्लिपांना हात लावू नये. त्या क्लिपा सोडवल्याशिवाय पेट्रोलचा पाइप निघतच नसेल, तर काम तिथेच थांबवून अधिकृत सीएनजी कार्यशाळेत न्यावे.

जागा आणि वेळ

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानातही पेट घेऊ शकते, मग मुंबईच्या हवेची गोष्टच नको. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, उताराकडे वाहते आणि गटारात किंवा खड्ड्यात साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले की एक ठिणगी पुरते. म्हणूनच बेसमेंट, पोडियमखालची बंद पार्किंग आणि इमारतीच्या खांबांमधली स्टिल्टची जागा या कामासाठी बाद समजावी. स्टिल्टमध्ये आणखी एक धोका असतो, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप आणि विजेचे मीटर बहुधा तिथेच असतात, आणि टाकीतले पाणी उतरले की पंपाचा स्वयंचलित स्विच कोणालाही न विचारता चालू होतो. त्या स्विचची ठिणगी पुरेशी असते.

त्यामुळे सपाट, पक्की, वारा खेळणारी उघडी जागा हवी. गटाराच्या जाळीपासून, देवळीतल्या दिव्यापासून आणि चहाच्या टपरीपासून दूर. सोसायटीच्या आवारात काम करायचे असेल, तर सेक्रेटरींची परवानगी आधी घ्यावी आणि वॉचमनला स्पष्ट सांगून ठेवावे, म्हणजे कोणी विडी ओढत कुतूहलाने डोकवायला येणार नाही. अशी जागाच मिळत नसेल, तर हे काम घरी होणार नाही असे समजून गाडी टो करून गॅरेजला न्यावी. यात कमीपणा काही नाही. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ सर्वांत चांगली, कारण मे महिन्याच्या उन्हात वाफ जास्त होते आणि पावसात उघड्यावर काम होत नाही. उकडते म्हणून टेबलफॅन लावू नये. त्याच्या मोटारीतही ठिणग्या पडू शकतात. वायरचा हँडलॅम्पही नको, डोक्याला बांधायचा बॅटरीचा दिवा गाडीखाली जाण्यापूर्वीच चालू करावा. मोबाइल घरी ठेवावा किंवा मदतनिसाकडे दूर द्यावा.

मदतनीस मात्र हवाच. त्याने गाडीखाली डोकावून सल्ले देऊ नयेत. किमान २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक जवळ घेऊन उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर आग पसरते, म्हणून पाण्याऐवजी कोरड्या वाळूची बादली ठेवावी. आग पहिल्या काही क्षणांत आटोक्यात आली नाही, तर गाडीचा विचार सोडून सर्वांनी दूर व्हावे आणि १०१ वर फोन करावा.

सामानाची निवड

ज्या चुका पुढे महागात पडतात, त्यांतल्या बहुतेक इथेच होतात. माझ्या गाडीची लाइन पूर्वी एका गॅरेजमध्ये दुरुस्त झाली होती. तिथल्या कारागिराने मधला गंजलेला तुकडा कापून त्या जागी पारदर्शक प्लास्टिकची, पाण्याची लेव्हल पाहण्याची नळी घातली होती. सहा महिन्यांत ती पिवळी पडून काचेसारखी कडक झाली आणि क्लिपजवळ तडकली. पेट्रोलसाठी पेट्रोलचाच होज (रबरी नळी) हवा. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. म्हणून होजवर छापलेले वर्ग वाचूनच खरेदी करावी. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकातला जे ३० आर ७ हा कमी दाबासाठीचा वर्ग आहे. पण गाडी कार्ब्युरेटरची असली तरी थोडे जास्त पैसे देऊन आर ९ वर्गाचा होज घ्यावा, कारण त्याचे आतले अस्तर इथेनॉलला जास्त टिकते. ज्या होजवर काहीच छापलेले नाही तो कितीही जाड असला तरी घेऊ नये.

पाइप जस्ताचा मुलामा असलेल्या पोलादाचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा घ्यावा. नुसता तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून अनेक जण सुचवतात. परंतु कंपनांनी तो कडक होऊन तडकतो, शिवाय तांब्यामुळे पेट्रोलमध्ये चिकट राळ लवकर तयार होते. जुन्या पाइपाचा तुकडा आणि व्हर्नियर घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेल्यास होज, क्लॅम्प (होज आवळून धरणारी पट्टी), पाइप कटर आणि फ्लेअरिंगची, म्हणजे सांध्यासाठी पाइपाचे टोक फुलवण्याची अवजारे एकाच फेरीत मिळू शकतात. क्लॅम्प पट्टीला आरपार खाचा असलेला नको, कारण आवळताना त्या खाचा रबर कापतात. सलग पट्टीचा आणि कडा वळवलेला क्लॅम्प घ्यावा. नवा इंधन फिल्टर एकाऐवजी दोन घ्यावेत, कारण पुढे सांगितले आहे.

एम-सील, साबण, च्युइंगगम किंवा टायरच्या ट्यूबची पट्टी हे सगळे गाडी रस्त्याच्या कडेला घेण्यापुरतेदेखील भरवशाचे नाही. वेल्डिंग किंवा ब्रेझिंग तर या पाइपावर कधीही करू नये. रिकामा दिसणारा पाइप वाफेने भरलेला असतो.

पेट्रोल काढणे आणि पाइप सोडवणे

काम ठरले की आधीचे काही दिवस गाडी वापरून टाकी जवळजवळ रिकामी करावी. गळती बाहेर दिसत असेल तर अर्थातच नाही. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावेत, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि बॅटरीची ऋण वायर काढून बाजूला बांधावी. टाकीचे झाकण एकदा उघडून आतला दाब सोडावा आणि झाकण पुन्हा लावावे. गाडी जॅकने उचलून दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावावेत. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अचानक फुटतात, म्हणून त्यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

उरलेले पेट्रोल टाकीच्या तळाच्या बोल्टमधून किंवा हाताच्या सायफन पंपाने काढावे. तोंडाने ओढू नये; फुफ्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोलही गंभीर इजा करते. पेट्रोल धातूच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा जमिनीवर ठेवूनच भरावे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच बाळगता येते, आणि त्यासाठी धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या या कामाच्या नाहीत.

अंगात सुती कपडे, हातात नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गाडीखाली आडवे पडून नट सोडवताना पाइपातले उरलेले पेट्रोल बाहीतून थेट काखेपर्यंत येते. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नट सोडवायला साधा पाना वापरला की नटाचे कोपरे गोल होतात; फ्लेअर नटसाठीचा, एका बाजूला खाच असलेला रिंग पाना वापरावा आणि समोरचा सांधा दुसऱ्या पान्याने धरावा, नाहीतर पाइप पिळवटतो. नट हलत नाही म्हणून ब्लोटॉर्चच्या ज्योतीने तापवणे इथे पूर्णपणे वर्ज्य आहे. अडलेला पाइप ट्यूब कटरने कापावा. ग्राइंडरचे तर नावही काढू नये. सुटलेल्या दोन्ही टोकांना लगेच रबरी टोप्या लावाव्यात, म्हणजे टाकीतली वाफ बाहेर येणार नाही आणि कचरा आत जाणार नाही.

शक्य असेल तर जुना पाइप न तोडता अखंड बाहेर काढावा, कारण नव्यासाठी तोच नमुना असतो. ते जमले नाही, तर जाड जीआय तार त्याच्या वाटेने वाकवून नमुना करून घ्यावा.

तुकडा बदलावा की पूर्ण लाइन

माझे मत स्पष्ट आहे: टाकीच्या सांध्यापासून पंपाजवळच्या सांध्यापर्यंत पूर्ण पाइप बदलावा. जिथे गळते तिथे गंज फक्त आधी बाहेर आलेला असतो. बाकीचा पाइपही त्याच वयाचा असतो. तारेच्या ब्रशने हाताने घासल्यावर केवळ एकाच क्लिपखाली खड्डे दिसले आणि उरलेला पाइप खरोखर निरोगी निघाला, तरच तुकडा बदलणे पटण्यासारखे आहे. तेव्हाही दोन्ही बाजूंना निरोगी धातू लागेपर्यंत मागे जाऊन कापावे.

नवा पाइप कटरने हळूहळू फिरवत कापावा. आतली उभी राहिलेली कड तोंड खाली धरून काढावी, म्हणजे कीस बाहेर पडतो. फ्लेअर करण्यापूर्वी नट पाइपात ओवून घ्यावा. हे वाक्य हास्यास्पद वाटेल, परंतु मी स्वतः दोनदा सुंदर फ्लेअर करून मग नट टेबलावर पाहिलेला आहे. फ्लेअर जुन्या सांध्याच्या प्रकाराचाच करावा. जिथे रबरी होज चढणार आहे तिथे पाइपाचे टोक सपाट ठेवू नये, कारण सपाट टोकावरून होज सरकून निघतो. डबल फ्लेअरच्या अवजाराची फक्त पहिली पायरी केली, तर टोकाशी गोलसर उंचवटा तयार होतो आणि होज धरून ठेवायला तो पुरतो. होज उंचवट्याच्या पलीकडे किमान २५ मिलिमीटर चढवावा आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसवावा. रबर क्लॅम्पच्या कडेने फुगू लागले की आवळणे थांबवावे. होजचे तुकडे छोटेच असावेत. अख्खी लाइन रबराची करणे ही दुरुस्ती नव्हे. मुंबईत तर तसे करणे म्हणजे उंदरांना आमंत्रण आहे.

वळणे पाइप बेंडरनेच काढावीत. गुडघ्यावर वाकवलेला पाइप चपटा होतो. तयार पाइप गाडीत बसवण्यापूर्वी सायकलच्या पंपाने त्यात हवा मारून आतला कीस उडवावा. मग एक टोक बंद करून पाइप पाण्याच्या टबात बुडवावा आणि पुन्हा हवा भरावी. सांध्यातून बुडबुडा आला, तर चूक उघड्यावर, पेट्रोलशिवाय सापडली. त्यानंतर पाइप पूर्ण वाळवून त्यावर जस्तयुक्त प्रायमर मारावा.

बसवणे

पाइप मूळच्याच वाटेने न्यावा. सायलेन्सरपासून लांब, चासीच्या कडेच्या वर आणि प्रत्येक ३० ते ४० सेंटिमीटरवर क्लिप असा तो बसला पाहिजे. क्लिप आणि पाइप यांच्यामध्ये रबराची पट्टी असावी आणि पत्र्यातून जाण्याच्या जागी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारे रबरी कडे) नवा घालावा. सर्व नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्यावेत. फ्लेअर सांध्यावर टेफलॉन टेप लावू नये, तिथे धातूवर धातू बसूनच गळती थांबते. फिल्टर बाणाची दिशा पाहून लावावा. टाकीच्या आत टॉर्च न घालता, काढलेल्या पेट्रोलच्या तळाशी लाल गाळ बसतो का ते पाहावे. बसला तर टाकीही गंजलेली आहे आणि तिचे काम वेगळे करावे लागेल.

काळे डांबरी अंडरकोटिंग लगेच मारण्याची घाई करू नये. ते तडकले की त्याच्या आड ओल साठते, आणि गळती असली तरी ती झाकली जाते. मेणाचा लेप द्यायचा असल्यास तोही तपासणी संपल्यावरच द्यावा.

तपासणी

टाकीत प्रथम दोन-तीन लिटरच पेट्रोल ओतावे, नरसाळे धातूचे असावे. इंजिन सुरू न करता प्रत्येक सांध्याला कोरड्या कागदाचा तुकडा गुंडाळून पंधरा मिनिटे थांबावे. कागद कोरडा राहिला तरच बॅटरी जोडावी, आणि तीही आधी सांडलेले पेट्रोल पुसून वास पूर्ण गेल्यावर. इंजिन सुरू करताना कोणीही गाडीखाली नसावे. पाइप रिकामा असल्याने सेल्फ थोडा जास्त लागेल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. इंजिन पाच मिनिटे चालल्यावर ते बंद करून पुन्हा कागदाने पाहावे आणि फिल्टरमध्ये बुडबुडे येत नाहीत ना, याकडे लक्ष द्यावे.

पुढच्या तीन-चार रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. पन्नास किलोमीटरनंतर रबरी होजचे क्लॅम्प एकदा हाताने पाहावेत, कारण नवे रबर थोडे दबते. साधारण पाचशे किलोमीटरनंतर दुसरा फिल्टर बसवावा. हलवाहलवीत सुटलेला टाकीतला गंज तोवर पहिल्यात जमा झालेला असतो.

काढलेले गढूळ पेट्रोल गटारात ओतू नये. ते जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. पेट्रोलने भिजलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून न टाकता उघड्यावर पसरून वाळवावीत. जुना पाइप भंगारवाल्याला देण्यापूर्वी दोन्ही टोके उघडी ठेवून दोन दिवस उन्हात ठेवावा आणि त्यात पेट्रोल होते हे त्याला सांगावे, कारण तो पाइप पुढे कोणीतरी गॅसकटरने कापणार असतो.